तोंडवळा सारखा, घराणें निराळें

कुटुंबांत मूल जन्मास आलें कीं बारशाच्या आधींच त्याच्या मुद्रेची वांटणी सुरू होते. नाक आजोबांचें, कपाळ आत्याचें, कानाची पाळी मामाकडची. आणि रडण्याचा आवाज तेवढा, त्यावर कोणीच हक्क न सांगितल्यामुळें, पोराचा स्वतःचा ठरतो. ही वांटणी वडिलोपार्जित शेताच्या वांटणीहून पुष्कळ जलद व बिनतक्रार होते. कारण तींत कोणाचें कांहीं जात नाहीं. तिच्या मुळाशीं एक सिद्धान्त असतो, तो असा कीं, जेथें रूपाचें साम्य तेथें रक्ताचें नातें. हा सिद्धान्त घराघरांतून इतका रुजलेला आहे कीं, त्याचा पुरावा मागणें हेंच अशिष्टपणाचें लक्षण समजलें जातें. परंतु सृष्टि ही कोणाच्या घरची सून नव्हे. ती हा सिद्धान्त पदोपदीं मोडते, आणि तोही अशा गमतीनें मोडते कीं, मोठमोठ्या पंडितांस आपल्या वह्या खोडून पुन्हां लिहाव्या लागल्या. ह्या महिन्यांत त्या गमतीचाच कांहीं परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांचें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें त्यांस ह्या विषयाचें मर्म समजण्यास फारसा वेळ लागूं नये. शेजारच्या दोन बांकांवरील मुलांचीं उत्तरें सारखीं आलीं म्हणजे नवा मास्तर ताबडतोब 'कॉपी' म्हणून ओरडतो. जुना मास्तर ओरडत नाहीं. तो आधीं पाहतो कीं, उत्तर बरोबर आहे कीं चूक. पानिपतची तिसरी लढाई सन १७६१ मध्यें झाली असें दोघांनींही लिहिलें, तर त्यांत संशयास जागा नाहीं. बरोबर उत्तर एकच असतें, व तेथें प्रत्येकजण आपापल्या पायांनीं चालत येऊं शकतो. पण ती लढाई सन १७१६ मध्यें झाली असें जर दोघांच्याही वहींत निघालें, तर मात्र एकाची मान परीक्षेच्या वेळीं दुसऱ्याकडे वळली होती हें सिद्ध झालें. बरोबर येण्याची वाट एक. चुकण्याच्या वाटा हजार. म्हणून सारखें ज्ञान हा नात्याचा पुरावा नव्हे, सारखें अज्ञान हा आहे.

प्राण्यांच्या नात्यागोत्याचा निकाल शास्त्रज्ञही ह्याच न्यायानें लावतात. चार्ल्स डार्विननें सन १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत हें बजावून ठेविलें आहे कीं, जे अवयव प्राण्याच्या रोजच्या उपजीविकेस अत्यंत उपयोगी, तेच त्याच्या कुळाविषयीं साक्ष देण्यास सर्वांत निरुपयोगी. त्याच्याही आधीं, सन १८४३ मध्यें, रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें कुळामुळें आलेलें साम्य व कामामुळें आलेलें साम्य ह्यांस दोन निरनिराळीं नांवें देऊन ठेविलीं होतीं. कामाच्या सारखेपणामुळें भिन्न कुळांतील प्राणी एकाच रूपाकडे येत जातात, ह्या प्रकारास आतां मराठींत 'अभिसारी उत्क्रांति' म्हणतात. संस्कृत काव्यें वाचलेल्या वृद्ध मंडळीस हा शब्द ऐकतांच अभिसारिका आठवेल व ती दचकून चष्मा पुसूं लागेल. पण भिण्याचें कारण नाहीं. येथील नायक-नायिका एकमेकांस जन्मांत भेटत नाहींत. पुष्कळदां त्यांच्या मध्यें एक महासागर किंवा कित्येक कोटि वर्षें पडलेलीं असतात.

भाषेंतील दृष्टान्त द्यावयाचा तर 'काम' हा शब्द घ्यावा. उद्योग ह्या अर्थाचें 'काम' हें संस्कृत 'कर्म' ह्याचें नातवंड व प्राकृत 'कम्म' ह्याचें लेंकरूं. वासना ह्या अर्थाचा 'काम' हा मात्र थेट संस्कृतांतून जसाच्या तसा आलेला. दोघांचें मूळ निराळें, लिंगही निराळें. पण बाहेरून पाहाल तर एका मात्रेचाही फरक नाहीं. ह्यामुळेंच प्रवचनकारानें एकाचा त्याग करण्यास सांगितलें असतां श्रोत्यांतील कांहीं मंडळी दुसऱ्याचा त्याग करून मोकळी होते. तोच प्रकार 'पान' ह्याचा. झाडाचें पान 'पर्णा'पासून झालें, दुग्धपानांतील पान 'पा' धातूपासून. उलट 'बहीण' व 'भगिनी' हीं दिसण्यांत किती निराळीं, पण घर एकच! वटवाघूळ आणि देवमासा ह्यांची गोष्ट अशीच आहे. एक झाडास उलटें लटकतें, दुसरा समुद्रांत बुड्या मारतो. पण दोघेही पिलांस अंगावर पाजणारे, एकाच सस्तन घराण्याच्या दोन शाखा. दृष्टान्त येथें थोडा लंगडतो हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. शब्द झिजतां झिजतां योगायोगानें सारखे होतात. प्राणी परिस्थितीच्या दाबानें होतात. हा दाब कसा असतो तें आतां पाहूं.

पाणी हा फार कडक हेडमास्तर आहे. त्याच्या शाळेंत जलद चालावयाचें असेल तर गणवेष एकच: पुढें निमुळतें तोंड, मध्यें फुगीर व गुळगुळीत अंग, मागें दोन फांट्यांचें शेंपूट, पाठीवर एक उभा पर. शार्क हा मासा; त्यानें हा गणवेष फार पूर्वीच शिवून घेतला. इक्थिओसॉर हा सरपटणाऱ्या वर्गांतील प्राणी. त्याचे पूर्वज जमिनीवरून समुद्रांत उतरले, आणि त्यांनींही तोच गणवेष घातला. इंग्लंडच्या लाइम रेजिस गांवीं सन १८११-१२ च्या सुमारास मेरी ॲनिंग नांवाची एक लहान मुलगी व तिचा भाऊ ह्यांनीं कड्यांतून ह्या प्राण्याचा सांगाडा उकरून काढला, तेव्हां ही सुसर कीं मासा ह्यावर विद्वानांत बरीच वर्षें वाद चालला. इक्थिओसॉर सुमारें ९ कोटि वर्षांपूर्वी नामशेष झाले. त्यानंतर कित्येक कोटि वर्षांनीं खुरांच्या जनावरांची एक शाखा पाण्यांत उतरली व तिच्यापासून देवमासे व डॉल्फिन झाले. ह्या शाखेचा जवळचा आप्त म्हणजे इंडोहायस हा बोक्याएवढा खूरवाला प्राणी. त्याचे अवशेष आपल्याच देशांत, जम्मू प्रांतांतील कालाकोट भागांत सांपडले, आणि त्याच्या कानाचें हाड देवमाशाच्या कानासारखें जाड आहे हें सन २००७ मध्यें प्रसिद्ध झालें. डॉल्फिननें शार्कही पाहून नक्कल केली नाहीं व इक्थिओसॉर तर त्यास दिसणेंच अशक्य होतें. तरी गणवेष तोच, कापसुद्धां तोच!

मग ओळखावें कसें? जुन्या मास्तराप्रमाणें चुका पाहाव्या. पाण्यांत जन्म काढणाऱ्या डॉल्फिनला श्वास घेण्यासाठीं वारंवार वर यावें लागतें, ही केवढी गैरसोय! पण फुप्फुसांच्या घराण्यांत जन्मल्याची ती खूण आहे. त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आंत हाताच्या बोटांचीं हाडें अजून शाबूत आहेत. आणि शेंपूट तर सर्व बिंग फोडतें. मासा शेंपूट डावीकडे-उजवीकडे हलवितो, डॉल्फिन वर-खालीं. कारण चौखूर धांवणाऱ्या जनावराचा कणा वर-खालींच वांकतो. पाण्यांत येऊन ५ कोटि वर्षें झालीं, पण चाल अजून माळावरची आहे. थोर वर्गीकरणकार लिनीयस ह्यानेंही सन १७३५ च्या आवृत्तींत देवमाशांस माशांच्या पंक्तीस बसविलें होतें. सन १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत त्यांस तेथून उठवून सस्तनांच्या पंक्तींत पाट मांडून दिला.

चुकीनेंच कूळ ओळखावें ह्याचा दुसरा दाखला आपल्याच कपाळाखालीं आहे. मनुष्याचा डोळा आणि अष्टपाद ऑक्टोपसचा डोळा ह्यांत बाहुली, भिंग, मागचा पडदा अशी सारी मांडणी विलक्षण सारखी. आणि तो प्राणी तर गोगलगाईचा भाऊबंद! परंतु आपल्या डोळ्यांत मज्जातंतु पडद्याच्या पुढच्या बाजूनें आलेले असल्यामुळें त्यांस बाहेर पडण्यासाठीं पडद्यास एक भोंक ठेवावें लागलें, व तेवढ्या जागीं आपण सारे आंधळे असतों. ऑक्टोपसचे तंतु मागूनच निघतात. त्यास हा अंधबिंदु नाहीं. आपली ही चूक मासे, बेडूक, कावळे व बैल ह्या सर्वांच्या डोळ्यांत तशीच्या तशी आहे. सर्वांनीं एकाच वहीवरून उतरून घेतलें होतें, दुसरें काय?

आतां खेकड्याकडे वळूं. शाकाहारी वाचकांनीं क्षमा करावी. आम्ही त्यास केवळ शास्त्रदृष्ट्या टोपलींतून काढीत आहों. समुद्रांतील दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांत एक विचित्र ओढ आढळते. लांब शेंपटीचे, झिंग्यासारखे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या शेंपूट पोटाखालीं मुडपीत, अंग चपटें व रुंद करीत, शेवटीं खेकडे होऊन बसतात. ही गोष्ट एकदां नव्हे, निदान पांच वेळां स्वतंत्रपणें घडली आहे. सन १९१६ मध्यें बोराडेल नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें ह्या खेकडेपणाकडे जाण्यास एक खास नांवच देऊन टाकलें. खरा खेकडा व हे मानलेले खेकडे ह्यांतील फरक जाणत्यास पाय मोजून कळतो: खऱ्या खेकड्यास नांग्यांखेरीज चालावयाच्या पायांच्या चार जोड्या दिसतात, मानलेल्यांपैकीं पुष्कळांस तीनच, कारण चौथी बारीक होऊन कवचाआड दडलेली असते. खेकडा होण्यांत एवढें काय सुख आहे हें विचारावें तर उत्तर असें मिळतें कीं, शेंपूट मुडपल्यावर शत्रूच्या हातीं धरावयास कांहीं राहत नाहीं, व कपारींत शिरणें सोपें जातें. ह्यावर वाद अजून मिटलेला नाहीं. गंमत अशी कीं, खेकडे झाल्यावर कित्येक कुळांनीं विचार बदलला व पुन्हां लांबट रूप धरलें. आमच्या ओळखीच्या कांहीं सार्वजनिक संस्थांचा इतिहास ह्याहून फारसा निराळा नाहीं. मात्र तेथें परत फिरल्याचीं उदाहरणें विरळा.

परंतु एवढें लांब समुद्रावर जाण्याचें कारण नाहीं. परसांतील जास्वंदीवर शिंजीर नांवाचा चिमुकला, चकचकीत पक्षी वांकड्या चोंचीनें मध चोखतांना दिसतो. घरांतील शाळकरी मुलें त्यास हमखास 'हमिंगबर्ड' म्हणतात. हमिंगबर्ड हा केवळ अमेरिका खंडांतला. त्याचें व शिंजिराचें नातें नाहीं. शिंजीर हा चिमणीच्या गणगोतांतला. हमिंगबर्डची खरी आप्त जर आपल्याकडे कोणी असेल तर ती जुन्या देवळाच्या छताखालीं लाळेनें चिकटविलेल्या पिसांचें घरटें करून संध्याकाळीं किलकिलाट करणारी काळी पाकोळी! आणि त्या पाकोळीसारखीच दिसणारी, तशीच हवेंत किडे टिपणारी भिंगरी, ती पुन्हां चिमणीच्याच गणांतली. म्हणजे जी सारखी दिसते ती परकी, व जिच्याकडे कोणी पाहिलें नाहीं ती सख्खी. लग्नकार्यांत आहेर देतांना असे घोटाळे आपल्याकडेही होतात.

कुंपणाकडे पाहिलें तर तेथेंही हाच खेळ. आपण ज्यास सरसकट निवडुंग म्हणतों त्यांत दोन कुळें नांदत आहेत. फड्या निवडुंग हा अमेरिकेंतून आलेला पाहुणा, कॅक्टसच्या घराण्यांतला. त्रिधारी निवडुंग हा येथला, स्नुहीचा सोयरा, एरंडाच्या कुळांतला. दोघांनींही पानें टाकलीं, खोड हिरवें व मांसल केलें, आंत पाणी सांठविलें, व बाहेर कांट्यांची चौकी बसविली. कारण दुष्काळाचा प्रश्न दोन्ही खंडांत एकच होता. परीक्षा सोपी आहे. त्रिधारी मोडला कीं पांढरा चीक भळभळतो. फड्यांतून चीक निघत नाहीं. परीक्षा करणारानें तो चीक डोळ्यांपासून मात्र दूर ठेवावा. तो फार दाहक असतो.

आतां घराच्या आंत येऊं. एकत्र कुटुंबांत दोन पक्ष असतात, एक चहाचा व दुसरा कॉफीचा. दोन्ही पक्ष आपापलें पेय हें मूलतःच निराळ्या व श्रेष्ठ संस्कृतीचें मानतात. सन २०१४ मध्यें कॉफीच्या झाडाची आनुवंशिक संहिता वाचून झाली, तेव्हां असें निष्पन्न झालें कीं, ज्याच्यासाठीं हीं दोन्ही पेयें प्यालीं जातात तें कॅफीन चहानें व कॉफीनें परस्परांस न विचारतां, निरनिराळ्या विकरांच्या साह्यानें, स्वतंत्रपणें सिद्ध केलें आहे. वाट निराळी, मुक्काम एक. आणि मुक्काम तरी कोणता? किड्यांनीं पानें खाऊं नयेत म्हणून केलेलें विष! तें आपण दिवसांतून दोन वेळां, साखर घालून, एकमेकांस आग्रह करकरून पाजतों. दोन्ही पक्षांनीं ह्या शोधाचा विचार करून निदान उपास-तापासाच्या दिवशीं तरी तह करावा.

येथें चतुर गृहिणी आम्हांस अडवून म्हणतील कीं, "मास्तर, अभिसारी उत्क्रांतीचें खरें उदाहरण तर सासू आणि सून! गोत्रें निराळीं, माहेरें निराळीं, आणि वीस वर्षांत दोघींचें बोलणें, चालणें, डब्यांचीं झांकणें लावणें सारें एक!" युक्तिवाद सुंदर आहे, पण तो टिकत नाहीं. एक तर उत्क्रांतीस पिढ्यान्‌पिढ्या लागतात, एका आयुष्यांत ती होत नाहीं. दुसरें म्हणजे, चुकीची कसोटी लावून पाहा. सासूबाई ज्या आरतींतला एक शब्द नेमका चुकीचा म्हणतात, तोच शब्द सूनबाईही तसाच चुकीचा म्हणतात. तेव्हां हें अभिसरण नव्हे, ही सरळ कॉपी. घरगुती अभिसरण पाहावयाचें असेल तर पेन्शनर पाहावे. पुण्याचा पेन्शनर व बडोद्याचा पेन्शनर ह्यांची गांठ पडलेली नसते. तरी दोघेही पुडक्यांच्या सुतळ्या गुंडाळून ठेवतात, आलेल्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब लिहितात, आणि गाडी सुटण्याच्या दोन तास आधीं स्टेशनावर जाऊन बसतात. कोणी कोणास शिकविलें नाहीं. परिस्थिति सारखी, म्हणून प्राणी सारखा.

एवढी थट्टा झाल्यावर एका गंभीर प्रश्नाकडे वळलें पाहिजे. परिस्थिति जर सारखेंच उत्तर काढून घेते, तर सृष्टीचा हा सारा डाव पुन्हां पहिल्यापासून मांडला असतां पुन्हां हेंच घडेल काय? अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड ह्यांनीं सन १९८९ च्या आपल्या ग्रंथांत उत्तर दिलें कीं, मुळींच नाहीं. योगायोगाचा भाग एवढा मोठा आहे कीं दुसऱ्या खेपेस मनुष्य दिसण्याचेंही कारण नाहीं. केंब्रिजचे सायमन कॉन्वे मॉरिस ह्यांनीं सन २००३ मध्यें उलट बाजू मांडली: वाटा कितीही असोत, चांगलीं उत्तरें थोडीं आहेत, व जीवसृष्टि पुन्हां पुन्हां त्यांच्याशींच येऊन पोंचते. ह्या वादांत एक साक्षीदार फार बोलका आहे. अमेरिकेंत रिचर्ड लेन्स्की ह्यांनीं २४ फेब्रुवारी १९८८ रोजीं एकाच जातीचे सूक्ष्म जंतु बारा कुप्यांत घालून, प्रत्येकीस तीच साखर देऊन, रोज वाढविण्यास आरंभ केला. जणूं एकच धडा बारा तुकड्यांस! बाराही कुप्यांतील जंतु अधिक वेगानें वाढूं लागले व आकारानेंही मोठे झाले. येथवर सर्वांचें उत्तर एक. पण सुमारें ३१,५०० पिढ्यांनंतर एकाच कुपींतील जंतु, त्यांच्या जातीस हवेंत साधत नसलेली गोष्ट करूं लागले; त्या द्रवांतील सायट्रेट नांवाचें द्रव्य ते खाऊं लागले. हा वृत्तान्त सन २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. तेव्हां दोन्ही पंडित आपापल्या परी खरे. वर्ग बहुतेक एकाच वाटेनें जातो. आणि एखाद्या तुकडींत एखादा पोरगा असा निघतो कीं, त्याचें काय करावें हें हेडमास्तरासही कळत नाहीं.

हें सारें गमतीचें असलें तरी तोंडवळ्यावरून कूळ ठरविण्याची संवय दर वेळीं निरुपद्रवी नसते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेट आहे. तेथें थायलासिन नांवाचा प्राणी होता. तोंड, जबडा, पाय, धांव सारें लांडग्यासारखें. पण पोटाशीं पिलें वाढविण्याची पिशवी, म्हणजे तो कांगारूच्या बाजूचा. त्याचें व लांडग्याचें कूळ फुटून सुमारें १६ कोटि वर्षें झालीं होतीं. त्याच्या शास्त्रीय नांवांत 'कुत्र्याच्या डोक्याचा' असें ग्रीक विशेषण आहे. त्या ग्रीक शब्दाचें आपल्या 'श्वन्' शब्दाशीं खरेंखुरें नातें आहे. पण ज्या जनावरास तें चिकटविलें त्याचें कुत्र्याशीं मुळींच नव्हतें. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं मात्र पट्टे पाहून त्यास वाघ म्हटलें, जबडा पाहून लांडगा म्हटलें, आणि लांडगा म्हटल्यावर मेंढ्या मेल्याचा गुन्हा त्याच्या नांवें आपोआप नोंदला गेला. सन १८८८ ते १९०९ ह्या काळांत तेथील सरकारनें मोठ्या जनावरामागें एक पौंडाप्रमाणें २,१८४ बक्षिसें दिलीं. १० जुलै १९३६ रोजीं ह्या प्राण्यास कायद्याचें संरक्षण मिळालें. ७ सप्टेंबर १९३६ रोजीं होबार्टच्या प्राणिसंग्रहालयांत ज्ञात असलेला शेवटचा थायलासिन मेला. मध्यें दिवस गेले एकूणसाठ. पुढें सन २०११ मध्यें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं त्याच्या कवटीची परीक्षा करून असें दाखविलें कीं, हा जबडा पूर्ण वाढीची मेंढी लोळविण्याच्या ताकदीचाच नव्हता. चेहऱ्यानें साक्ष दिली, साक्ष खोटी निघाली. पण शिक्षा अंमलांत येऊन पाऊणशें वर्षें होऊन गेलीं होतीं.

असाच एक चेहऱ्यानें फसविणारा प्राणी आपल्या कोंकणांत व सह्याद्रींत आहे, तो म्हणजे खवल्या मांजर. मुंग्या व वाळवी खाणें हा ज्यांचा धंदा त्यांचें रूप जगभर एकच झालेलें आहे: लांबट तोंड, दांत नाहींत किंवा असून नसल्यासारखे, वारूळ फोडावयास दणकट नखें, आणि गोंदासारख्या लाळेची लांबच लांब जीभ. दक्षिण अमेरिकेंतला मोठा मुंगीखाऊ, आफ्रिकेंतला आर्डवार्क, ऑस्ट्रेलियांतला अंडीं घालणारा एकिड्ना, आणि आपला खवल्या, ह्या चौघांची ही एकच भट्टी. पण आर्डवार्क हा हत्तीच्या गोतांतला व मुंगीखाऊ हा झाडास लोंबणाऱ्या स्लॉथचा भाऊबंद. जुन्या युरोपीय पंडितांनीं दांत नाहींत एवढें पाहून खवल्यास त्या मुंगीखाऊच्याच पंक्तीस बसविलें होतें. एका खुणेवर वर्ग पाडण्याची खोड नवी नाहीं. रामायणांत वालीनेंही रामास भक्ष्य पंचनख मोजून दाखविले, त्यांत साळिंदर, घोरपड, ससा व कांसव शेजारीं शेजारीं आहेत. मात्र तेथें प्रश्न स्वयंपाकघराचा होता, वंशावळीचा नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आनुवंशिक द्रव्याची तपासणी होऊं लागली, तेव्हां उमगलें कीं, खवल्याचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे मांजर, कुत्रा, वाघ ह्यांचें मांसाहारी घराणें. ज्या अनाम कोंकणी माणसानें त्यास 'मांजर' म्हटलें तो कशावरून तसें म्हणाला तें कोण सांगणार? पण शेंकडों वर्षें चाललेल्या पंडितांच्या वर्गवारीपेक्षां त्याचा शब्द सत्याच्या अधिक जवळ होता एवढें खरें.

हें निरुपद्रवी जनावर संकट आलें कीं अंगाचा गोळा करून पडतें. बिबळ्याच्या दांतांपुढें ही युक्ति चालते. मनुष्य तो गोळा उचलून पोत्यांत घालतो, तेथें ती चालत नाहीं. त्याच्या खवल्यांत औषध आहे ह्या समजुतीनें त्याची चोरटी शिकार होते. तीं खवलीं म्हणजे केरॅटिन, आपल्या नखांत असतें तेंच द्रव्य. औषधच हवें असेल तर आपलीं कापलेलीं नखें काय वाईट? सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार हा गुन्हा आहे, आणि सन २०१६ मध्यें त्याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा ठराव झाला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं घरें, आंबराया, काजूच्या बागा कोंकणांत आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, सुट्टींत गांवीं गेल्यावर गड्यांस व शेजाऱ्यांस ही गोष्ट सांगावी. रात्रीं वाटेंत असा खवल्यांचा गोळा दिसला तर त्यास वाट द्यावी. कोणी पकडून आणला असल्यास वनखात्यास ताबडतोब कळवावें. तो वाळवी खातो, म्हणजे आपल्या झाडांचें व घराच्या वाशांचें राखणच करतो. थायलासिनच्या वेळीं शहाणपण एकूणसाठ दिवस आधीं येऊन उपयोग झाला नाहीं. येथें अजून वेळ आहे.